झानेत्तोच्या निधनाबद्दल

फेर्रारा, ३ जुलै १४५८

परमसाध्वी फिओरे हिस, तुझ्या पतीचा मित्र ताद्देओ याचा नमस्कार.

हे पत्र लिहिण्यासाठी मी लेखणी उचलली आणि तीन वेळा खाली ठेवली. चौथ्या वेळी मला स्मरण झाले की, शोक हा मूर्खांना मूक करतो, परंतु विद्वानांस वाणी देतो. म्हणून लिहितो.

प्राचीन रोममध्ये एका सेनापतीची पत्नी सूत कातीत बसली असता पती रणात पडल्याची वार्ता आली. तिने हातातला धागा तुटू दिला नाही. दुसरी एक कुलीन स्त्री पतीच्या चितेसमोर उभी राहून म्हणाली की, अग्नीला मी माझे अश्रू देणार नाही, कारण ते त्याला विझवतील. हे फिओरे, या स्त्रिया तुझ्या भगिनी आहेत असे समज.

(येथे दोन पाने अशाच आणखी स्त्रियांविषयी आहेत.)

तर, झानेत्तो गेला. काला मोरा बंदरातून परतलेल्या मिठाच्या व्यापाऱ्याने मला समक्ष सांगितले. तेथील शाळेत अध्यापकाची जागा पाहण्यास गेलेला तो धक्क्यावर उतरताच कोसळला, आणि व्यापाऱ्याचे जहाज सुटले तेव्हा त्याच्या उशाशी मेणबत्त्या लागल्या होत्या. समुद्रापलीकडची माती त्याला हलकी वाटो.

केवढे त्याचे चित्त! तुमचा बेर्तो बालवयात गेला तेव्हा त्याने मला लिहिले होते, “फळ अवेळी पडले म्हणून झाड वाऱ्याशी भांडत नाही.” ते पत्र मी आजही विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. आणि पादुआतले आमचे ते भोजन! आम्ही दोघे विद्यार्थी, समोर एक भाजलेले बदक, आणि पहाटेपर्यंत आत्म्याच्या अमरत्वावर संवाद! वीस वर्षे आम्ही परस्परांस पत्रे लिहिली. त्यांत घरच्या बोलीतला एक शब्द सापडावयाचा नाही.

या पत्राच्या काही नकला मी मित्रांना पाठवल्या आहेत. तू राग मानणार नाहीस याची खात्री आहे.

•

मोन्सेलिचे, १५ जुलै

ताद्देओभावजींना फिओरेचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. लॅटिनमध्ये होतं म्हणून पाद्रीबुवांकडे नेलं. त्यांनी वाचत वाचत अर्थ सांगितला, त्यात अख्खी दुपार गेली. फार सुंदर आहे म्हणाले. दोनदा त्यांनीच डोळे पुसले.

रागावू नका भावजी, पण हे गेले ते मला तिसऱ्या पानावर कळलं. तोवर रोमच्या बायकांचंच चाललं होतं. मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी एखादं बोधाचं पुस्तक लिहून पाठवलंय. मी मध्ये उठून पावाचं पीठ बघून आले. परत येऊन बसले आणि पाद्रीबुवांचा चेहरा बदललेला दिसला.

आता मला काही विचारायचंय, ते साध्या शब्दांत सांगा. यांना झालं काय होतं? ताप होता का? पाणी मागितलं का कुणाकडे? पुरलं कुठे? कोण होतं जवळ? तो मिठाचा व्यापारी थांबला का नाही थोडा वेळ? त्याला इतकी कसली घाई होती?

ती सूत कातणारी बाई कळली मला. मी रडले. अंगणात, कोंबड्यांसमोर, कारण घरात सासूबाई झोपल्या होत्या. चाललं का ते?

आणि बेर्तोच्या वेळच्या त्या पत्राचं ऐकून मी गोंधळले. हे पत्र यांनी लिहिलं कधी? त्या दिवसांत तर हे... असो. तुमचा त्यांचा पत्रव्यवहार, तुम्हालाच जास्त माहीत.

उत्तर आपल्या बोलीत लिहिलंत तर पाद्रीबुवांची दुपार वाचेल.

•

काला मोरा, मठाचा दवाखाना, २० जुलै

ताद्द्या,

मी मेलो नाही. मेलो असं कुणी सांगितलं असेल तर त्याला माझ्याकडून एक लाथ घाल.

धक्क्यावर उतरलो, डोकं फुटल्यासारखं दुखलं, आणि पुढचं आठवत नाही. जागा झालो तेव्हा उशाशी मेणबत्त्या आणि आजूबाजूला मठातले बंधू प्रार्थना म्हणतायत. मी पाणी मागितलं. एकाच्या हातातलं भांडं पडलं. ब्रदर मात्को त्याचं नाव, अजून माझ्याकडे जरा बिचकूनच बघतो.

उजवा हात गेला. उजवा पाय अर्धा. तोंडही एका बाजूला उतरलंय, पेज खाताना गळते. हे पत्र मी डाव्या हातानं लिहितोय, म्हणून कोंबडीनं माती उकरल्यासारखं दिसतंय.

आता खरी गोष्ट. हसू नकोस. माझं लॅटिन गेलं.

थोडंसं नाही, सगळं. बंधू सकाळी जे म्हणतात ते मला घंटेसारखं ऐकू येतं. आवाज येतो, अर्थ येत नाही. एक पुस्तक हातात दिलं. अक्षरं ओळखीची, पण ती माझ्याशी बोलेनात. जे सतत बोलायचो, स्वप्नातही बोलायचो, ते एका दिवसात कुठे गेलं? आईची बोली मात्र सगळी आहे. लहानपणी आई ज्या शिव्या द्यायची त्यासुद्धा आहेत. रोज सकाळी उठलो की आधी डोक्यात हात घालून बघतो, आलं का परत. नसतं. मला फार भीती वाटते रे.

तुझ्याकडून एकच हवंय. माझी थैली आणि कागद धक्क्यावरून कुणीतरी लांबवले. मी कोण, हे इथे कुणाला ठाऊक नाही. मठाचे प्रमुख म्हणजे प्रायर म्हणतात, कुणी प्रतिष्ठित माणसानं ओळख पटवल्याशिवाय जहाजाचा कप्तान तुम्हाला घेणार नाही. मी तुझं नाव सांगितलं. तुझी पत्रं इथेही नकलून वाचतात म्हणे. प्रायर तुला वेगळं लिहितायत. तू फक्त “हो, हा झानेत्तो” एवढं कळव.

नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या सणानंतर जहाजं बंद होतात. मग प्रायर बेवारस रोग्यांना डोंगरापलीकडच्या आश्रमात हलवतात. तिथून वसंतात फारसं कुणी परत येत नाही, असं मात्को सांगतो. तो खोटं बोलणाऱ्यातला वाटत नाही.

फिओरेला तू जाऊन सांग. बेतानं सांग. सगळं एकदम नको.

तुझा झान्या

•

फेर्रारा, १६ ऑगस्ट

काला मोरा येथील त्या अज्ञात इसमास, ताद्देओकडून. नमस्कार नाही.

तुझे पत्र पोचले. माझ्या मित्राचे प्रेत थंड होते न होते तोच त्याचे नाव अंगावर घालून घरी येऊ पाहणाऱ्या माणसा, तू कोण आहेस?

कोणते लेखन खरे आणि कोणते बनावट हे शैलीवरून ओळखणे हा माझा व्यवसाय आहे. राजेरजवाड्यांच्या सनदा मी खोट्या ठरवल्या आहेत. तुझे पत्र मी तसेच तपासले.

पहिले, हस्ताक्षर. झानेत्तोचे अक्षर सुंदर होते. तुझे अक्षर, तू स्वतःच म्हणतोस, कोंबडीचे आहे. दुसरे, भाषा. वीस वर्षांत जो मला स्वयंपाकघरातल्या बोलीत एक ओळ लिहू शकला नाही, तो अकस्मात शिव्यांची आठवण काढतो! तिसरे, एवढ्या पत्रात एकही प्राचीन वचन नाही. झानेत्तो पावसाविषयी लिहितानाही दोन वचने देत असे. चौथे आणि निर्णायक असे की, तू घाबरला आहेस. झानेत्तो घाबरत नसे. पुत्र गेला तेव्हाही ज्याची लेखणी कापली नाही, तो पेज गळते म्हणून रडेल काय?

लॅटिन “गेले” असे तू लिहितोस. लॅटिन म्हणजे टोपी नव्हे, धक्क्यावर विसरून यायला. ज्याने ते आयुष्यभर कमावले, त्याचा प्राण आधी जाईल आणि ते मागाहून.

प्रायर महोदयांनाही मी हेच कळवले आहे. माझ्या सांत्वनपत्राची दरबारात फार वाखाणणी झाली आहे, आणि तुझ्यासारखी माणसे त्याचा असा उपयोग करू पाहतील हे मला आधीच सुचावयास हवे होते.

•

काला मोरा, १० सप्टेंबर

ताद्द्या,

तुझं पत्र ब्रदर मात्कोनं मला आपल्या बोलीत करून सांगितलं. मध्ये मध्ये तो थांबायचा आणि म्हणायचा, “पुढचं वाचू का?” मी म्हणालो, वाच.

आता मी दवाखान्यात नाही. तुझं प्रायरांना लिहिलेलं पोचलं त्या दिवसापासून तबेल्याशेजारच्या खोलीत आहे. प्रायर वाईट माणूस नाही. तो म्हणतो, एवढा मोठा विद्वान नाही म्हणतोय, तर मी हो कसं म्हणू? मलाही त्याचं म्हणणं पटलं. त्याच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं.

दुसऱ्या एका मठातून तुझ्या सांत्वनपत्राची नक्कल आली. मात्कोनं तीही वाचून दाखवली. ताद्द्या, मी रडलो. त्या झानेत्तोसाठी रडलो. किती चांगला माणूस होता! मला वाटलं, ताद्द्याचं बरोबर असेल, तो खरंच गेला असेल, आणि मी दुसराच कुणीतरी त्याच्या पलंगावर जागा झालो असेन. दोन दिवस मी तसंच धरून चाललो. पण मग भूक लागते, पाय दुखतो, फिओरेची आठवण येते. या गोष्टी कुणाच्या?

म्हणून तुझ्या मुद्द्यांना उत्तर देतो. एकदाच देतो.

पादुआचं बदक. ते बदक गुरुजींच्या अंगणातून चोरलेलं होतं. भिंतीवर मी चढलो. तू खाली पहाऱ्याला होतास आणि सारखा शिंकत होतास. मग “पकडलं तर बाबा घरात घेणार नाहीत” म्हणून तू रडायला लागलास, म्हणून मी पिसं न काढताच ते बदक तुझ्या झग्याखाली कोंबलं. आत्म्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. वर्षभरानं तू त्यावर एक सुरेख पत्र लिहिलंस, मी त्याहून सुरेख उत्तर लिहिलं, आणि आता तुला तो संवादच आठवतो. मलाही तोच आठवायचा. लॅटिन गेलं आणि खालून बदक निघालं.

आणि बेर्तो.

त्या पत्रातलं झाड, फळ, वारा, सगळं मी जुळवून घेतलं होतं. बेर्तो गेल्यावर मी किती दिवस त्याच्या खाटेखाली पडून होतो मला माहीत नाही. खाटेवर नाही, खाली. फिओरे वाटी आत सरकवायची. बाहेर आलो, तोंड धुतलं, आणि पहिलं काम काय केलं, तर तुला ते पत्र लिहिलं. कारण तुला तसंच पत्र लागायचं, आणि मलाही तसाच माणूस व्हायचं होतं. तू ते मुलांकडून पाठ करून घेतोस हे मला माहीत नव्हतं. नको घेऊस.

तू लिहिलंस, झानेत्तो घाबरत नसे. तो नेहमी घाबरायचा. तुला लिहिताना घाबरायचा नाही, एवढंच.

फिओरेला तू सांगितलं नाहीस हे आता माझ्या लक्षात आलं. इथून पादुआला चाललेल्या एका यात्रेकरूजवळ तिला चिठ्ठी देतोय.

•

मोन्सेलिचे, २८ सप्टेंबर

ताद्देओभावजींना,

एक यात्रेकरू दारात आला आणि त्यानं चिठ्ठी दिली. तीत यांनी लिहिलंय की मी जिवंत आहे, ताद्देओ मला ओळखत नाही, काय करू.

मी काळी वस्त्रं घालून उभी, हातात ती चिठ्ठी. पाद्रीबुवा म्हणाले थांब, घाई नको, असली फसवणूक फार चालते. सासूबाई म्हणाल्या चमत्कार. शेजारीण म्हणाली, भूत. मी तर कपडे बदलू का नको इथेच अडकले.

तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं? आणि मला कळवलं नाहीत? मला राग आलाय भावजी. तुम्ही शहाणे आहात, तुमच्याकडे काही कारण असेल, ते मला सांगा. तो माणूस हे आहेत का? हो किंवा नाही एवढंच सांगा. रोमच्या बायका नकोत.

•

फेर्रारा, २ ऑक्टोबर

फिओरेवहिनींस,

(पाद्रीबुवा, हे त्यांना हळूहळू सांगावे.)

तुम्हास कळवले नाही ते तुमच्या भल्यासाठी. एकदा मेलेला माणूस दुसऱ्यांदा मरू नये, कारण दुसरे मरण पाहणाऱ्यांस सोसत नाही.

तो माणूस झानेत्तो नाही, असे माझे मत आहे. मत होते. आहे. मी त्याचे पहिले पत्र आणि झानेत्तोची सारी पत्रे शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पाहिली. त्या इसमाकडे लॅटिनचा एक शब्द नाही, आणि एकाही वाक्याचे दुसऱ्याशी नाते नाही. येथील विद्वान मित्रांनाही दाखवले. सर्व एकमताने म्हणाले, बनावट. एकाने तर हसून म्हटले की, असे लिहिणारा माणूस खेचरे हाकीत असावा.

परंतु एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. ती एका बदकाविषयी आहे. ती गोष्ट त्या इसमास कोठून कळली? झानेत्तो तापात बरळला असेल, आणि शेजारच्या खाटेवरच्या कुणी ऐकली असेल. असेच असले पाहिजे. मी हे मित्रांना सांगितले नाही.

वहिनी, माणसाने आयुष्यभर जे जपले ते एका सकाळी त्याच्यातून निघून जाऊ शकते, हे जर खरे असेल, तर मी रोज सकाळी उठून काय करावे?

तुम्ही तेथे जाऊ नका. प्रवास अवघड आहे आणि हवा बिघडते आहे.

•

काला मोरा, २० ऑक्टोबर

ताद्देओभावजींना फिओरेचा नमस्कार.

मी इथे आले. किओज्जाहून जहाज मिळालं, वाटेत उलट्यांनी जीव गेला, पण आले. तुमचं पत्र निघण्याच्या दिवशीच मिळालं. पाद्रीबुवांनी उभ्या उभ्या वाचलं.

तुम्ही म्हणालात, या माणसाकडे लॅटिन नाही, बाकी काय ते आहे. भावजी, माझ्याशी हे लॅटिनमध्ये कधी बोललेच नाहीत. मला तेवढं बाकीचंच माहीत होतं. म्हटलं जाऊन तेवढं तरी बघून यावं.

आता खरं सांगते. तबेल्याच्या दारात मी उभी राहिले आणि मला ओळख पटली नाही. तोंड वाकडं, दाढी पांढरी, अंगावर मठातला झगा. त्यांनी मला बघितलं आणि माझ्या नावाऐवजी त्यांच्या बहिणीचं नाव घेतलं. मग स्वतःवरच चिडले आणि काठी आपटली. चिडणं त्यांचंच होतं. काठी आपटणं नवीन. मी शेजारी बसले आणि उसवलेली बाही शिवायला घेतली, कारण दुसरं काही सुचेना.

पाच दिवस झाले. कधी वाटतं हेच. त्या दिवशी पेज खाताना म्हणाले, “मीठ कमी, पण आजारी माणसाचं कोण ऐकतं,” तेव्हा मला हसू फुटलं. आणि कधी ते भिंतीकडे बघत बसतात, तेव्हा वाटतं मी कुठल्या परक्या माणसाची बाही शिवतेय? मी त्यांना बेर्तोच्या खाटेबद्दल विचारणार होते, ते फक्त आम्हा दोघांना माहीत. पण नाही विचारलं. बरोबर उत्तर आलं नसतं तर मी काय केलं असतं? परत गेले असते? वाटीभर पेज तशीच टाकून?

म्हणून मी ठरवलं. पुरावा माझ्याकडे नाही, तुमच्याकडे असेल तर तो तुमच्याजवळ ठेवा. हे झानेत्तोच आहेत, असं मी ठरवलंय.

पण माझं ठरवणं इथे चालत नाही. प्रायर म्हणतात, बाई, तुम्हाला नवरा हवाय, तेव्हा तुम्ही हो म्हणणारच. त्यांच्या हातात तुमचं लॅटिन पत्र आहे आणि माझ्या हातात सुई. सेंट मार्टिनच्या सणानंतर दोनच दिवसांनी शेवटचं जहाज सुटतंय. त्यात यांना घेतलं नाही तर डोंगरापलीकडे. मी बरोबर जाईन, पण मला तिथली लाकडं तोडायची सवय नाही आणि यांच्यानं ते होणार नाही.

तुम्हीही ठरवा भावजी.

•

फेर्रारा, ३० ऑक्टोबर

झानेत्तो,

हे मी आपल्या बोलीत लिहितो आहे. मला ही लिहिता येत नाही. बोलतो रोज, पण लिहायला बसलो की वाक्य कुठे संपवायचं ते कळत नाही. खूप खोडलंय. माफ कर.

हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबरच प्रायरना लॅटिन पत्र पाठवलंय. त्यात एकच ओळ आहे, ‘तो हाच, मी चुकलो.’ माझं इतकं छोटं पत्र त्यांनी कधी बघितलं नसेल. ते बनावट म्हणतील म्हणून वर माझा शिक्का लावलाय.

मला कळलं होतं का? तुझं पहिलं पत्र उघडलं, वर ‘ताद्द्या’ होतं. मला असं तुझ्याशिवाय कुणी म्हणत नाही. पण तूही पत्रात कधी लिहिलं नव्हतंस, म्हणून मी म्हटलं पुरावा नाही. म्हणजे कळलं होतं आणि नव्हतंही. यापेक्षा नीट मला सांगता येत नाही. लॅटिनमध्ये सांगता आलं असतं, पण मग ते खोटं झालं असतं बहुतेक.

मला भीती वाटली. तू मेलास त्याची नाही, त्याबद्दल मी किती छान लिहिलं. तू जिवंत आहेस आणि तुझं लॅटिन नाही, याची. रात्री मी पडल्या पडल्या शब्द मोजतो, आहेत का सगळे. घरात कुणाला सांगत नाही.

बदकाचं खरं आहे. शिंकांचंही. पिसांनी माझ्या पोटाला फोड आले होते, ते तुला मी कधी सांगितलं नाही.

बेर्तोच्या वेळी मी फेर्राराहून निघून एका दिवसात तुझ्याकडे येऊ शकलो असतो. तुझं पत्र आलं आणि मी म्हटलं, वा, काय सावरलाय. त्याचा अभ्यास करत बसलो. तू खाटेखाली होतास.

दरबारात सगळ्यांना सांगितलं की तू जिवंत आहेस. फार हसले. एकाने विचारलं की आता त्या सांत्वनपत्राचं काय करणार. नकला परत मागवून जाळून टाकू का?

हे पत्र तुलाच पोचतंय ना, अजून पूर्ण खात्री नाही. तरी पाठवतो.

ताद्द्या

•

मोन्सेलिचे, १२ डिसेंबर

ताद्द्या,

पोचलो. शेवटच्या जहाजानं आलो. प्रायर धक्क्यापर्यंत सोडायला आला आणि फार लाजला, मीच त्याची समजूत काढली. फिओरे पुन्हा उलट्या करत आली आणि म्हणाली, परत कुठली शाळा बघायला गेलास तर मीच तुला पुरीन. आधी ती मला अहो म्हणायची. आता अरे म्हणते. मीही दुरुस्त करत नाही.

लॅटिन आलेलं नाही. येईल असं आता वाटत नाही. गावातल्या मुलांना हिशेब आणि आपल्या बोलीतलं वाचन शिकवायला पाद्रीबुवांनी बोलावलंय. जातो. काही दिवस सकाळी उठून डोक्यात हात घालून बघायचं विसरतो. मग दुपारी आठवतं आणि वाईट वाटतं.

तुझं पत्र फिओरेनं मला वाचून दाखवलं, आणि नंतर मी एकटा बसून वाचलं. वाक्यं कुठल्या कुठे गेली आहेत, अर्ध्या जागी मला कर्ताच सापडेना. वीस वर्षांत तुझं माझ्या हातात आलेलं हे पहिलंच पत्र, असं मला वाटलं.

ते सांत्वनपत्र जाळू नकोस. एवढी मेहनत केलीस. ठेव. आज ना उद्या लागेलच, तेव्हा तारीख तेवढी बदल. रोमच्या बायका असू देत, पाद्रीबुवांना आवडतात. फक्त बेर्तोच्या जागी ते झाड आणि फळ काढून टाक आणि तिथे लिही, की मुलगा गेला तेव्हा हा माणूस खाटेखाली पडून रडला, आणि त्याच्या बायकोनं वाटी आत सरकवली.

ते एक वाक्य लॅटिनमध्ये करू नकोस. मला कळलं पाहिजे.

झान्या